पावसाची हमी

२१ जून

दुर्गेशला वाटतं मी या वहीत हिशेब लिहिते. वाटू दे. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, पण इथे दुर्गेशच म्हणणार. वही माझी आहे.

आजही तेच. मनीषनगरच्या एका दुकानदाराने दारातूनच हात जोडले. "ताई, पावसाळ्यात कायले काच पुसता? तुम्ही पुसून जाल अन् संध्याकाळी पाऊस येईन. झालं पुन्हा जैसे थे. दिवाळीले या."

दिवाळीला या म्हणे! तोवर आम्ही काय काचा चावायच्या? हॉटेलातली हाउसकीपिंगची नोकरी सोडून मी हा धंदा काढला तो चार महिने हातावर हात ठेवून बसायला नाही. काच कशाने घाण होते हे मला कोणी शिकवू नये. पाऊस म्हणजे वरून पडणारं स्वच्छ पाणी. त्यात ना साबण, ना क्षार. घाण असते ती आधीपासून काचेवर बसलेली धूळ. तिच्यावर थेंब पडले की ओघळ दिसतात आणि लोक बिचाऱ्या पावसाला शिव्या देतात. नीट पुसलेल्या काचेवरून पाऊस नुसता घसरून जातो.

जेवताना दुर्गेशला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मले कायले सांगते? मी तर लटकूनच राहतो तिथं. गिऱ्हाइकाले सांग."

बोलला ते बरोबर बोलला.

२४ जून

पत्रकं छापून आणली. खाली माझं नाव, फोन नंबर, आणि मधोमध ठळक अक्षरांत: पाऊस आला तरी काच स्वच्छ. आठ दिवसांत डाग दिसला तर फुकट पुसून देऊ.

दुर्गेशने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "फुकट कोण पुसन?"

"तुम्ही."

"अन् तू काय करशीन?"

"मी खालून सांगीन कुठं राहिलं ते."

हसला. तो हसला की खांदे हलतात, आवाज येत नाही. देवाजी काकाही हसले. हे दुर्गेशच्या आईचे मावसभाऊ, कळमेश्वरचे. आता वाडीत आमच्या शेजारचीच खोली घेऊन राहतात. दुर्गेश दोराला बांधलेल्या लाकडी पाटीवर बसून खाली उतरतो तेव्हा काका गच्चीच्या कठड्याशी बसून दोरांवर नजर ठेवतात, पाण्याची बादली सोडतात आणि दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतात. माणूस कामाचा आहे, फक्त दातांकडे बघू नये.

२ जुलै

मासा गळाला लागला. बेसा रोडवरचा बारा मजली टॉवर, रस्त्याकडची सगळी बाजू काचेची. खाली दुकानं, वर दवाखाने आणि ऑफिसं. तिथल्या कमिटीचे सेक्रेटरी चंपतराव, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. पत्रक त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"हे खरं आहे का?"

"खोटं असतं तर छापलं असतं का काका?"

"अवं बाई, मी जन्मभर पाहून राहिलो. पाऊस येते, काच घाण होते. याच्यात हमी कायची देता?"

मी वाद वाढवला नाही. म्हटलं, पैज लावा. वरपासून खालपर्यंत एक उभी ओळ आम्ही पुसतो, शेजारची तशीच ठेवतो. पाऊस पडू द्या, मग रस्त्यावर उभे राहून तुम्हीच सांगा. म्हातारा तयार झाला. पैजेला नाही म्हणणारा रिटायर माणूस मी अजून पाहिलेला नाही.

३ जुलै

ओळ पुसून झाली, पण डोकं फिरलं. कठड्यात बिल्डरने जाड लोखंडी कड्या बसवून ठेवल्या आहेत, खास दोर बांधायला. चंपतराव म्हणतात एकेका कडीवर म्हैस लटकेल. त्या आयत्या कड्या सोडून दुर्गेशने दोन्ही दोर नेले पार मागे आणि पाण्याच्या टाकीच्या खांबाला बांधले. एक दोर पाटीचा, दुसरा कमरेच्या पट्ट्याचा. अर्धा दोर गच्चीवरच लोळत पडला, त्यामुळे तो तिसऱ्या मजल्यापर्यंतच उतरू शकला. खालच्या काचा शिडी लावून पुसल्या आणि त्यात दुपार गेली.

"कडीला का नाही बांधत?" मी विचारलं.

"मले नाही पटत त्या कड्या."

"म्हणजे काय?"

"नाही पटत म्हणजे नाही पटत."

आता यावर माणसाने काय बोलायचं? पण लटकलेला असताना गाणी म्हणत होता, मोठ्याने आणि बेसूर. दवाखान्यातल्या नर्सा खिडकीशी येऊन हसत होत्या. म्हणजे मूड चांगला होता. नुसता हट्ट.

७ जुलै

जिंकले!

रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी चंपतरावांना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. पुसलेली ओळ लखलखीत. शेजारची ओळ म्हणजे मातीत खेळून रडलेल्या पोराचं तोंड. म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "मानलं बाप्पा तुले."

पूर्ण पावसाळ्याचं काम मिळालं. आणि गणपतीपर्यंत हमी पाळून दाखवली, एकदाही पावसाचा डाग दिसला नाही, तर पुढे वर्षभराचा करार. असा करार हातात आला तर दुसऱ्या टॉवरवाल्यांसमोर मान वर करून जाता येईल. दुर्गेशच्या जोडीला अजून दोन माणसं ठेवता येतील, त्याला रोज लटकावं लागणार नाही. हे मी त्याला बोलले नाही. करार झाल्यावर सांगीन, आधी सांगितलं की दृष्ट लागते.

१२ जुलै

सहाव्या मजल्यावर पांढरे ठिपके. चंपतरावांचा लगेच फोन, "काय बाई, पावसानं केली ना घाण?" आवाजात आनंद मावत नव्हता.

जाऊन पाहिलं आणि जागेवरच त्यांना पटवून दिलं, हा पाऊस नाही, हे बोअरचं पाणी आहे. काकांनी आळसाने बादली बिल्डिंगच्या नळावर भरली होती. मला डागांचं कळतं. पांढरे ठिपके म्हणजे बोअर. करडा पडदा म्हणजे धूळ. तेलकट सप्तरंगी चकाकी म्हणजे साबण राहिला. डाग कधी खोटं बोलत नाही, वाचता आला पाहिजे. आता काकांना ताकीद दिली आहे की फिल्टरचंच पाणी वर जाईल.

१९ जुलै

आज एक नवाच डाग. दवाखान्याकडच्या कोपऱ्यात, अगदी वरच्या काचेपासून निघालेला तपकिरी ओघळ, दोन-तीन मजले खाली आलेला. जवळून पाहिल्यावर मला कळायला वेळ लागला नाही. त्या कोपऱ्यात, बरोबर वर, कोण बसतं? आणि तोंडात काय असतं?

तडक गच्चीवर गेले.

"काका, तुम्ही खाली थुकता?"

"कोण? मी?"

"खर्ऱ्याचा ओघळ आलाय काचेवर. मी फुकट पुसून द्यायची हमी देते आणि तुम्ही वरून पिचकाऱ्या मारता?"

काकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. "सूनबाई, मी याच्यात थुकतो. माह्या पोराच्या डोक्यावर थुकीन का मी?"

पोरगा म्हणजे दुर्गेश. तो खालीच लटकलेला होता. पण ओघळ तर समोर दिसत होता, मी काय डोळे मिटून घेऊ? म्हटलं, उद्यापासून कठड्याशी बसायचं नाही. टाकीच्या सावलीत बसा, तिकडे काय थुकायचं ते थुका. बादली सोडायची तेवढ्यापुरतं कठड्याशी यायचं.

२० जुलै

काका काल आमच्याकडे जेवले नाहीत. मी ताट वाढून पाठवलं ते परत आलं. दुर्गेश म्हणाला, "बुढ्या माणसाले असं नाही म्हणावं." मी म्हटलं, मग काचेला काय म्हणावं? थोडं जास्तच बोलले का मी? कदाचित. पण धंदा करायचा तर कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबणारच.

२७ जुलै

ओघळ परत आला. काका टाकीखालीच बसत होते, मी स्वतः दोनदा वर जाऊन बघून आले. म्हणजे खर्रा नव्हता. माफी मागायला हवी. मागीन. सध्या ते माझ्याकडे बघतही नाहीत, एकदा राग निवला की मागीन.

आता रोजची धांदल अशी. रात्री पाऊस झाला की आम्ही उजाडताच बेसाला पोचतो. दुर्गेश आधी तोच कोपरा उतरतो आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्याने ओघळ पुसून टाकतो. चंपतराव पूजाबिजा आटोपून दहाच्या पुढे उगवतात, तोवर काच आरशासारखी. म्हाताऱ्याला पत्ता नाही. फसवणूक आहे का ही? मला नाही वाटत. हमी डाग पुसायची होती, पुसतोय.

फक्त एक कोडं आहे. दर पावसाला ओघळ आधीपेक्षा खाली पोचतो. आज आठव्या मजल्यापर्यंत होता.

४ ऑगस्ट

चोर सापडला!

आज पावसातच छत्री घेऊन गच्चीवर गेले आणि कोपऱ्यात उकिडवी बसून राहिले. कठड्यातल्या त्या कडीच्या बुडातून तपकिरी पाणी येतंय. कडी गंजलेली, पाणी आत मुरतं आणि गंज घेऊन काचेवर उतरतं. म्हणजे पुन्हा माझंच खरं. पाऊस निर्दोष! मला इतकं हलकं वाटलं की एकटीच हसत बसले.

कडी हलवून पाहिली. हलत नाही. म्हणजे किंचित हलली, पण एवढी मोठी कडी, थोडी तर हलणारच.

दुपारी ऊन पडल्यावर पांढरं सिमेंट नेऊन बुडाशी भरलं. आत किती गेलं, भरेचना. अख्खी पिशवी रिकामी झाली तेव्हा कुठे वर आलं. त्यावर रुपेरी ऑइलपेंटचे दोन हात मारले. आता बाकीच्या कड्या जुनाट दिसतात आणि ही नवी कोरी.

दुर्गेश मागे येऊन उभा होता.

"झाकून काय होते?" तो म्हणाला.

"डाग नाही होत."

"मी कडीचं म्हणून राहिलो."

"मी काचेचं म्हणतेय. आपला धंदा काचेचा आहे."

८ ऑगस्ट

दोन दिवस धो धो. कोपरा स्वच्छ, एक रेघ नाही! चंपतराव स्वतःहून म्हणाले, "बाई, आता मीच सगळ्यांले सांगून राहिलो. पाऊस काच घाण करत नाही म्हणून." म्हाताऱ्याच्या तोंडून माझंच वाक्य ऐकताना काय वाटलं ते लिहिता येत नाही. येताना अर्धा किलो संत्राबर्फी घेतली. काकांना एक वडी दिली. घेतली, पण बोलले नाहीत.

१४ ऑगस्ट

दुर्गेशचं काहीतरी बिनसलंय. वांग्याची भाजी पानात तशीच टाकून उठला, जी तो कढईसकट खातो. लटकलेला असताना गाणं म्हणत नाही. एका नर्सने मला विचारलंसुद्धा, दादांचा घसा बसलाय का. परवा काम नव्हतं तर न सांगता कळमेश्वरला जाऊन आईला भेटून आला. मी विचारलं, कशाला गेला होता, तर म्हणे, "असंच. पाहाले."

आज दोराचा विषय काढला. इतवारीत लांब दोर मिळतो, तो घेऊ, म्हणजे टाकीच्या खांबापासून थेट जमिनीपर्यंत पुरेल. मी म्हटलं, गणपती होऊ द्या, करार हातात येऊ द्या, मग दोरच काय, मोटरीवर वरखाली होणारा पाळणा घेऊ. आयत्या कड्या असताना दुसरा दोर कशाला, हे मी मनातच ठेवलं. बघा, मलाही गप्प बसता येतं.

१८ ऑगस्ट

चंपतरावांनी बोलावलं. टॉवरच्या दारात यंदा मोठा मांडव पडतोय, अगदी काचेला खेटून. पत्रे, कमान, सगळं. शिडी लावायला आता वीतभर जागा नाही. आणि स्थापनेच्या आदल्या दिवशी वरपासून खालपर्यंत सगळी काच चमकली पाहिजे.

"खालचे मजले काहून राहतात तुमचे?" त्यांनी विचारलं. मला कानकोंडं झालं. बारा मजले उतरणारा माणूस तीन मजल्यांसाठी अडतो, आणि कारण काय, तर दोर पुरत नाही!

"नाही राहणार," मी म्हटलं.

"मग त्याच दिवशी सह्या करून टाकू."

घरी येऊन दुर्गेशला सांगितलं. कडीला बांधायचं, सरळ खाली यायचं, एका दिवसात काम फत्ते.

तो नखं कुरतडायला लागला. मग म्हणाला, "मी त्या कडीवर नाही जात."

"अहो, बिल्डरने बसवलेली कडी आहे. म्हैस लटकते म्हणतात."

"मग म्हशीले सांग काच पुसाले."

मला हसू आलं, पण त्याला नाही आलं.

१९ ऑगस्ट

भांडलो. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. मी नको ते बोलले. म्हटलं, कळमेश्वरच्या कारखान्यात चिमणीवर चढणारा माणूस मी केला होता, हा कोण आहे? त्यावर तो उठून खिडकीची काच पुसायला लागला, आमच्या खोलीची, जी कधीच कोणी पुसत नाही. पुसत राहिला. फडकं घट्ट आवळून धरलं होतं. रागाने असणार.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. पडण्याची वगैरे नाही, तो तर माकडासारखा आहे. मला भीती वाटते की हे सगळं हातातून जाईल आणि मी पुन्हा कुणाच्या तरी हॉटेलात चादरी मोजत बसेन, आणि दुर्गेश 'जाऊ दे' म्हणेल. तो फार पटकन 'जाऊ दे' म्हणतो.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. दरवर्षीप्रमाणे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो. गर्दीत चेंगरून निघालो पण मजा आली. काळी मारबत, पिवळी मारबत, मागे बडग्यांचे पुतळे, आणि सगळे ओरडत होते, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. माझ्या अंगात आलं. मीही हात वर करून ओरडले, "माझ्या नवऱ्याचा भित्रेपणा घेऊन जा गे मारबत!"

आजूबाजूचे खो खो हसले. एका बाईने टाळी दिली. दुर्गेश माझ्या मागेच उभा होता हे मला उशिरा लक्षात आलं. तोही हसत होता, पण खांदे हलत नव्हते.

२४ ऑगस्ट

कबूल झाला! मी काही बोलले नव्हते, देवाशपथ. सकाळी चहा घेताना स्वतःच म्हणाला, "बांधतो कडीले."

"खरंच?"

"हो. तू म्हणून राहिली ना, मजबूत आहे म्हणून."

"मी माझ्या हाताने सिमेंट भरलंय."

"हो. पाहिलं मी."

मग त्याने मला जवळ ओढलं, भर सकाळी, दार उघडं असताना. मी म्हटलं, अहो, काका बघतील. तर म्हणे, "पाहू दे." कधी नव्हे ते. मला वाटतं हा एकदाचा मोकळा झाला. मारबत पावली म्हणायची.

आज मला त्याच्यावर इतकी माया दाटून आली की दोन माणसं ठेवायचा माझा बेत सांगून टाकावासा वाटला. जीभ चावली. आता दोनच दिवस, सह्या झाल्या की सांगते. त्याचा चेहरा बघायचाय मला तेव्हा.

२६ ऑगस्ट

टॉवरसमोरच्या टपरीवर बसून लिहितेय. वही मुद्दाम सोबत आणली. आजचा दिवस आजच लिहायचा, संध्याकाळी सह्यांच्या गडबडीत राहून जाईल.

पहाटे जोराची सर येऊन गेली. आता उघडलंय. मांडवात कमानीचं काम चालू आहे, ढोलवाले आत्तापासून जमलेत. कठड्यावर रोषणाईवाल्यांनी सगळ्या कड्यांना तारा गुंडाळून टाकल्या आहेत. कोपऱ्यातली तेवढी चंपतरावांनी आमच्यासाठी राखून ठेवली. म्हणाले, "तेच सगळ्यात चांगली दिसते." माझ्या रंगाची करामत. दोन्ही दोर तिलाच बांधलेत. मीच वर उभी राहून बांधून घेतले, नाहीतर हा पुन्हा खांबाकडे पळायचा. काका टाकीच्या सावलीत बसलेत, मी सांगितलं होतं तिथेच. अजून धुसफूस चालू आहे. आज रात्री त्यांची माफी मागणार, पक्कं.

कठड्यावरून पाय टाकताना दुर्गेशने मला विचारलं, "खाली कुठी बसशीन तू?" मी टपरी दाखवली. म्हणाला, "मांडवाखाली नको थांबू." मला हसू आलं. माझ्या डोक्यावर साबणाचं पाणी पडेल याची काळजी!

आता तो दहाव्या मजल्यावर आहे. काम सावकाश पण छान चाललंय. हात लांब, एक झटका, काच कोरी. मी उगाच कुणाची बायको नाही झाले.

आणि आता बघा. वर, बाराव्या मजल्याच्या काचेवर, जी त्याने आत्ताच पुसली, तपकिरी रेघ! ताजी, ओली. पाऊस थांबलाय आणि ही चालूच आहे. रंग फोडून आली असणार. तिच्या बाजूने पांढरा चुराही दिसतोय. पांढरं म्हणजे बोअर. काकांनी रागाने पुन्हा नळाचं पाणी भरलं वाटतं. आजच्या दिवशी! चंपतराव अर्ध्या तासात येतील आणि नेमकं हेच बघतील.

उभी राहून हात हलवले. दुर्गेशने खाली पाहिलं. मी वर बोट दाखवलं. त्याने मान वर केली आणि तसाच थांबला. बराच वेळ. वायपर हातातच. मी ओरडले, पण ढोलवाल्यांनी नेमका आत्ताच ठेका धरला, त्याला काय ऐकू जाणार.

पुन्हा खाली माझ्याकडे पाहिलं. एवढ्या उंचीवरून चेहरा दिसत नाही. मी तळहात गोल फिरवून दाखवलं, पुसा. दोनदा दाखवलं.

मान हलवली त्याने, हो म्हणून. रेघ एव्हाना अकरावा मजला ओलांडून खाली आलीय, पण अजून त्याच्या हाताच्या जरा वर आहे, बसल्या बसल्या पोचत नाही. एका हाताने दोर धरून तो पाटीवर उभा राहतोय, अगदी हळू, टाचा उचलून. ऐकतो हो माझा नवरा, वेळेवर ऐकतो.

टपरीवाल्याला दोन चहा आणि एक तर्री पोहे बांधायला सांगितलेत. तेवढी रेघ पुसून झाली की वर पाठवते.